वर नेलेली माती

आमच्या ह्यांना डोंगराचं वेड नोकरीत असतानाच लागलं. लोक उगाच म्हणतात, रिटायर झालेला रिकामा माणूस, दुसरं काय करणार! रिकामा कसला डोंबलाचा? बस चालवायचे ते, शहराच्या ह्या टोकापासून डोंगराच्या पायथ्यापर्यंत. शेवटचा स्टॉप जंगलाच्या फाटकासमोर. तिथं गाडी वळवून उभी केली की बाकीचे ड्रायव्हर चहा प्यायचे, नाहीतर सीटवर पाय पसरून डुलकी काढायचे. आमचे हे फाटकातून आत. कंडक्टर घंटी बडवून बडवून दमायचा, गाडीतली माणसं खिडक्यांतून माना बाहेर काढायची, आणि हे टोपीवर पालापाचोळा घेऊन धावत यायचे. साहेबांची बोलणी खाल्ली, तरी सवय गेली नाही. मी विचारायची, "अहो, लग्न माझ्याशी केलंय की त्या डोंगराशी?" तर म्हणायचे, "तुझ्याशी केलं म्हणून तर तिकडे पळावं लागतं." घ्या!

मी शिवणकाम करते. तिसऱ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत खिडकीला लागून माझं मशीन, बाजूला कापड बेतायचं मोठं टेबल. समोरच्या दोन इमारतींच्या फटीतून डोंगर दिसतो. म्हणजे सवत ती सवत, आणि वर दिवसभर डोळ्यांसमोर. सुईत दोरा ओवायला मान वर केली की हीच बया दिसणार. लेक लग्न होऊन लांब गेली, तेव्हापासून घरात आम्ही दोघंच. त्यातले हे उजाडलं की निघाले. मग मी बोलायचं कुणाशी, मशीनशी?

त्या जंगलाला तिकीट नाही. सरकारी डोंगर, कुणीही यावं, फिरावं. येतात बिचारे, पण जाताना बाटल्या, पाकिटं, पोरांचे फुटके फुगे सगळं तिथंच सोडून जातात. ते गोळा करायचं काम ह्यांनी आपणहून अंगावर घेतलं. निसटलेल्या पायऱ्यांचे दगड बसवायचे, वाटेवर आडवी आलेली फांदी बाजूला करायची, चुकलेल्या माणसाला फाटकापर्यंत आणून सोडायचं. एकदा एक जोडपं झाडावर नाव कोरताना सापडलं. ह्यांनी त्या मुलाला विचारलं, "ही तुझी कोण?" तो म्हणाला, "होणारी बायको." "मग नाव हिच्या हातावर कोर ना. झाड थोडंच तुझ्या घरी नांदायला येणार आहे?" मुलगी इतकी हसली की त्यानं मुकाट्यानं चाकू खिशात घातला. पुढे ती दोघं आपल्या मुलांना घेऊन यायची आणि ह्यांना काका म्हणायची.

आता मातीचं सांगते, कारण पुढचं सगळं रामायण त्या मातीनंच घडलं.

पायथ्याशी ओढ्याच्या वळणावर एक खोलगट जागा आहे. तिथली झाडं सगळ्यांत दाट, माती काळी आणि भुसभुशीत. ह्यांच्या डोक्यात आलं की डोंगराला जी काही ताकद आहे ती ह्या खड्ड्यात साठलीय, आणि वर चढावरची झाडं उपाशी आहेत. झालं! माझ्या मागे लागून जाड ताडपत्रीची पाठीवरची पिशवी शिवून घेतली. ती खोलगटात मातीनं भरायची आणि चढायला लागायचं. वाटेत जे झाड मरगळलेलं दिसेल त्याच्याशी थांबायचं, खुरप्यानं बुंध्याजवळची जागा मोकळी करायची, दोन-चार ओंजळी माती घालायची, हातानं थापटायची, पुढे निघायचं. पुढचं झाड, पुन्हा तेच. बस चालवायचे तसंच हो! खोलगटाला ते डेपो म्हणायचे आणि झाडांना स्टॉप. "पॅसेंजरला उभा ठेवून गाडी पुढे काढली नाही कधी," असं वर मला ऐकवायचे. मी म्हणायची, ह्या पॅसेंजरांना कुठं जायचं असतं हो? तर हसायचे.

सगळ्यांत वर पठारावर जुन्या झाडांची राई आहे. रिटायर झाल्यावर लगेचच मला हट्टानं तिथं घेऊन गेले. माझे गुडघे कुरकुरत होते आणि मी त्यांच्याहून जास्त. पण वर पोचले आणि माझं तोंड बंद झालं, खरं सांगते. एवढाल्या बुंध्यांची झाडं, खाली मऊ पाला, आणि मधोमध एक सगळ्यांत मोठं झाड. हे त्याला थोरली म्हणायचे. त्या थोरलीची एक बाजू वठत चालली होती. ह्यांनी खालून आणलेली अख्खी पिशवी तिच्या मुळांवर रिकामी केली. बाटलीतलं पाणी मी ओतलं. तहानेनं माझाच जीव जात होता, पण ओतलं. आणि काय सांगू, पुढच्या पालवीला थोरली फुटली! वठलेल्या बाजूला कोवळी पानं! हे घरी आले ते नाचतच, आणि लेकीला फोन लावून म्हणाले, "अगं, थोरली बरी झाली!" तिला बिचारीला कळेना, आजारी कोण होतं.

तेव्हापासून मातीवर त्यांचा असा विश्वास बसला की विचारू नका. रोज पिशवी, रोज स्टॉप. थोरलीला मात्र पुन्हा घालावी लागली नाही. ती मस्त होती.

काही वर्षं अशी गेली. मग खोलगटातलीच झाडं शेंड्याकडून पिवळी पडायला लागली. आधी वाटलं पाणी कमी पडलं असेल. पाणी आलं, तरी पिवळी ती पिवळीच. मग पानं गळाली, सालीतून काळपट चीक यायला लागला. त्यानंतर चढावरची एकेक. हे घाबरले. घाबरले की माणूस काय करतो? जे येतं तेच जास्त करतो. हे दिवसातून दोन खेपा करायला लागले. घरी यायचे ते पाठ धरून. जेवताना घास हातात घेऊन बसायचे आणि म्हणायचे, "अगं, वाकड्याही गेला." वाकड्या म्हणजे वळणावरचं वाकडं झाड. मी म्हणायची, "जेवा आधी." मला तरी दुसरं काय येत होतं म्हणायला?

अर्ज-विनंत्या करून, फाटकावरच्या रखवालदाराच्या डोक्याशी कटकट करून शेवटी ह्यांनी जंगलखात्याच्या मॅडमना आणलंच. आमच्या लेकीच्या वयाची पोरगी. पण कामाची. बरेच दिवस डोंगरावर मुळं खणत, मातीचे नमुने डब्यांत भरत फिरली. मग एका दुपारी आमच्या घरी आली. म्हणाली, "काकू, टेबल जरा मोकळं करून द्याल का?" मी बेतलेलं कापड गुंडाळून ठेवलं, आणि तिनं डोंगराचा नकाशा पसरला. त्यावर लाल खुणा.

"काका, ही आजारी झाडं. मातीतला रोग आहे, मुळं कुजवतो. कुणाच्या तरी बुटाला चिकटून दुसरीकडून आला असणार. ह्या खोलगटात सुरू झाला. तिथनं ओढ्याबरोबर खाली गेला, ते समजतं. पण वर कसा चढला ते कळत नाही. पाणी काही वर चढत नाही. आणि चढलाय तोही कसा बघा, थांबत थांबत. इथं एक, मग मधली सगळी चांगली, मग तिथं एक. तुम्ही रोज जाता. म्हणून विचारायला आले, ह्या वाटेनं कुणी काही नेत होतं का?"

ह्यांनी चष्मा लावला. खोलगटावर बोट ठेवलं आणि वर निघाले. पहिल्या खुणेशी बोट थांबलं. दुसऱ्या खुणेशी थांबलं. वळणावर थांबलं, पाण्याच्या टाकीशी थांबलं. पुढे बोट सरकेना.

"हे माझे स्टॉप आहेत," ते म्हणाले.

मॅडमला काही कळलं नाही. मला कळलं. मी मध्येच बोलले, "काहीतरीच काय तुमचं! चहा घ्या आधी, मॅडम." पण हे काही लपवणारे नव्हेत. माती कुठनं भरायचे, कशी घालायचे, सगळं सांगितलं त्यांनी. आवाज शांत. सांगताना हात मात्र टेबलावरून फिरत होता, काहीतरी थापटल्यासारखा. त्या पोरीनं एका शब्दानं दोष दिला नाही, हे तिचे उपकार. नुसती म्हणाली, "काका, तुम्हाला काय माहीत असणार. तेव्हा ती झाडं वरनं चांगलीच दिसत होती." चांगलं बोलली. पण त्या बोलण्यानं काय होणार होतं? ह्यांनी सगळं आयुष्य ज्याला जीव लावला, त्याला स्वतःच्या पाठीवरून नेऊन रोग दिला होता. मला रडू आलं. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

बाहेर मॅडम सांगत होती ते ऐकू येत होतं. ह्या रोगावर औषध नाही. ज्या ज्या झाडाला ती माती गेली ते झाड, आणि त्याच्या भोवतीची, तोडायची आणि मुळांसकट उपटायची. हिरवी असली तरी. "पठारावरची राई अजून हिरवी आहे, काका. सगळा डोंगर वाचणार नाही, पण राई वाचवता येईल. फक्त माती कुठं कुठं गेलीय ते एक न् एक झाड कळायला हवं. ते तुमच्याशिवाय कुणाला माहीत नाही. राईत नेली होती का?"

"जागेवर गेल्यावर सांगतो," हे म्हणाले.

स्वयंपाकघरात मला थोरली आठवली, आणि तिच्या मुळांवर ओतलेलं पाणी.

जंगल बंद झालं होतं, फाटकाला साखळी. रखवालदारानं साखळी काढली आणि आमच्यापुढे औषधी पाण्याचं पसरट घमेलं ठेवलं, त्यात बूट बुडवून आत जायचं. एरवी ह्यांची नि त्याची थट्टामस्करी चालायची, त्या दिवशी त्यानं मान खाली घातली. मॅडमनंच मला बोलावलं होतं, "काकू, तुम्ही सोबत या, काकांना एकट्यानं जड जाईल." मागे एक कामगार, हातात रंगाचा डबा. हे चालायला लागले. झाडाशी थांबायचे, बुंध्यावर हात ठेवायचे, म्हणायचे, "हे." कामगार पट्टा ओढायचा. मग आजूबाजूच्या चांगल्या झाडांवरही पट्टे. काही तर अशी टवटवीत की पट्टा ओढताना तो कामगारसुद्धा विचारायचा, "हे पण, मॅडम?" मी मागनं काठी टेकत येत होते. एकदा मी म्हटलं, "बसा जरा." बसले नाहीत. एकही स्टॉप चुकवला नाही त्यांनी. नवरा म्हणून मला त्यांचा कधी एवढा अभिमान वाटला नव्हता, आणि कधी एवढी कीवही आली नव्हती.

पठारावर आलो. राई होती तशी होती. थोरली तर डेरेदार, एक पान पिवळं नाही. मॅडम म्हणाली, "काका, इथं?"

हे थोरलीपासून जरा लांबच उभे राहिले. म्हणाले, "इथं नाही. पिशवी वाटेतच रिकामी व्हायची. इथवर पुरायचीच नाही."

माझ्याकडे बघितलं नाही. मॅडमनं मान डोलावली आणि कामगाराला सांगितलं, "चला, उतरू या." संपलं. एवढं सोपं होतं. थोरलीला माती घातली त्या दिवशी तिथं आम्ही दोघंच होतो, तिसरं कुणी नाही. मी गप्प बसले असते तर जगात कुणाला कळलं नसतं. आणि मी म्हटलंही मनाशी, गप्प बस बाई. एवढं सगळं दिलं त्यांनी, एक झाड ठेवू दे. चार पावलं उतरलेसुद्धा. मग वर मान केली, तर सगळीकडं ही जुनी जुनी झाडं, फांद्या एकमेकींत, आणि त्या पोरीचं बोलणं कानात. थोरलीला रोग असला तर? मग कुणीच राहणार नाही. मग ते उद्या खिडकीत उभे राहून काय बघतील? हा माणूस खोटं बोलून जगू शकत नाही, मी ओळखून आहे त्यांना. राई वाळली असती तर हेही वाळले असते.

"मॅडम," मी म्हटलं, "त्या मोठ्या झाडाला घातली होती. अख्खी पिशवी. पाणी मी ओतलंय."

सगळे थांबले. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. चिडले असते तर मी झेललं असतं, उलट चार शब्द सुनावलेही असते. 

पण त्या पोरीपुढे हात जोडले हो त्यांनी! "ती बरी झालीय, पोरी. माझ्यादेखत बरी झालीय. आधी तपासून तरी बघा."

"काका, एखादं मूळ चांगलं निघालं म्हणून सगळी चांगली असं धरता येत नाही. रोग आत दबा धरून बसतो. पूर्ण उपटल्याशिवाय कळत नाही. आणि इथं सगळ्यांची मुळं एकमेकांत गुंतलीत. थांबलो तर सगळीच जातील."  तिनं रंगाचा डबा कामगाराच्या हातातून घेतला आणि पट्टा स्वतः ओढला. भोवतीच्या झाडांचं हिची मुळं बघून ठरवू, म्हणाली. हे पाठ करून उभे होते.

उतरताना मी दोनदा पडता पडता वाचले. दोन्ही वेळा त्यांनी हात धरला, आणि वाट सपाट झाल्यावर सोडला.

मग तोडणी सुरू झाली. वारा आमच्या दिशेनं असला की करवतीचा आवाज इथपर्यंत यायचा. मी मशीन चालवत राहायची, हातात काम नसलं तरी, जुन्या चिंध्यांवर टाके घालत. हे मागच्या खोलीत पडून. रागावले म्हणावं तर तसंही नाही. वाढलं की जेवायचे. विचारलं की उत्तर द्यायचे. लेकीचा फोन आला तर "सगळं ठीक" म्हणायचे. ती मला विचारायची, "बाबांना काय झालंय?" मी काय सांगणार कपाळ! डोंगराकडे जायची बंदी होती, आणि ती कधी उठेल ते मॅडमलाही माहीत नव्हतं. आमच्या वयाला ते "कधी" काय कामाचं?

राईतलं काम सगळ्यांत शेवटी झालं. त्यानंतर एका संध्याकाळी मॅडमचा फोन आला. ह्यांनी उचलला नाही, म्हणून मला केला. पोरीचा आवाज आनंदानं फुटत होता. थोरलीची मुळं पार तळापर्यंत स्वच्छ निघाली होती. भोवतालची मातीही तपासली, तीही चांगली. ती माती वर गेली तेव्हा खोलगटात रोग आलेलाच नसणार. बाकीची राई वाचली होती, अख्खी. "काकांना सांगा लगेच," म्हणाली. "त्यांना बरं वाटेल."

मी फोन हातात धरून तशीच उभी राहिले. न सांगावं असं मनात आलं. पण एकदा बोलायला लागलेलं तोंड कुठं थांबवणार? मागच्या खोलीत गेले, दिवा लावला, पलंगाच्या कडेला बसले आणि सगळं सांगितलं.

ते उठून बसले. 

"मुळं स्वच्छ होती?"

"हो."

"म्हणजे तिला काही झालं नव्हतं."

"नाही."

"तू बोलली नसतीस, तर आज ती उभी असती."

"हो," मी म्हटलं.

"आणि रोग असता नि तू बोलली नसतीस, तर सगळी राई गेली असती. माझ्या खोट्यानं."

"हो."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, त्या दिवसानंतर पहिल्यांदाच नीट. डोळे भरलेले. "मग आता मी तुला काय बोलू," ते म्हणाले, "तूच सांग."